डळमळीत सुरुवातीचा दाखला

कोणतीही गोष्ट मोठी व्हायची असेल, तर ती आधी धोकादायक ठरावी लागते. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या सोसायटीच्या खांबांना तडे नाहीत, जिच्या जिन्यात कुणाच्या डोक्यात प्लास्टर पडलेलं नाही, ती आहे तिथे, आहे तेवढीच राहते. शेजारच्या बिल्डिंगचा स्लॅब खाली येतो, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं, ती ‘सी-वन’ म्हणजे अतिधोकादायक ठरते, आणि बघता बघता तिथे तीस मजल्यांचा टॉवर आणि कुणीही न उतरणारा स्विमिंग पूल उभा राहतो. मजबूत बांधकामाचे तोटे आमच्या भागाने पिढ्यानपिढ्या (म्हणजे दोन) सोसले आहेत.

हे तत्त्व साहित्याला लावण्याचा पहिला मान बोनकोड्याच्या ‘अक्षरपाया साहित्य मंडळा’कडे जातो. मी मंडळाचा सहकार्यवाह आहे. (कार्यवाहाचं पद आम्ही रिकामं ठेवलं आहे, कारण त्याला काम असतं.) आमचे अध्यक्ष दिनानाथराव सीवूड्सला राहतात. उभी हयात त्यांनी लोकांच्या इमारतींवर हातोडीने टकटक करून त्या किती टिकतील ते सांगितलं. निवृत्तीनंतर ती हातोडी त्यांनी मराठी कथेकडे वळवली. सभा भरते ती देवजीशेठच्या बिल्डिंगमधल्या हॉलमध्ये. देवजीशेठ मूळचे गावातले. त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता त्यांच्या तीन बिल्डिंगी आहेत. हॉलचं भाडं ते घेत नाहीत. अट एकच, त्यांना मागच्या खुर्चीवर बसून ऐकू द्यायचं. साहित्याशी संबंध नसलेला माणूस सभेत बसणं घटनेत बसत नव्हतं, पण एसी त्यांचा होता.

मंडळाला खरी दिशा मिळाली ती ‘टाकी भरली का?’ या मालिकेमुळे. एक सोसायटी, तिची पाण्याची टाकी आणि टाकीवरून होणारी भांडणं अशी ही विनोदी मालिका. आज तिला चौथं वर्ष चालू आहे आणि ती लागली की आमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा जाहिरातीत काढतात. पण तिची सुरुवात भयंकर होती. तेव्हा तिचं नाव होतं ‘आनंदाचे जलकुंभ’. दिनानाथरावांनी एक अभ्यासगट नेमला (त्यात ते एकटेच होते), पहिले काही भाग पुन्हा पुन्हा पाहिले आणि पुढील वैशिष्ट्यं शोधून काढली:

– पहिल्या भागात दार आपटलं की भिंत हलते. (ती इमारतीची बाहेरची भिंत आहे.)

– नायकाची आत्या ‘आले हं’ म्हणून बाथरूममध्ये जाते. ती अजून आलेली नाही.

– दुसऱ्या भागात नायकाचे वडील बदलतात. घरातलं कुणी त्याची दखल घेत नाही.

– मागून वाजणारं हसू विनोदाच्या आधी येतं. एकदा ते मयताच्या निरोपावर आलं आहे.

– वॉचमन विचारतो, ‘महोदय, जलकुंभाची सद्यःस्थिती काय आहे?’

पुढे कधीतरी वॉचमनची बायको गोजरा खिडकीतून डोकं काढून नुसतं ‘टाकी भरली का?’ असं ओरडते. लोक त्या तीन शब्दांना हसले, आणि हळूहळू अख्खी मालिका त्या खिडकीपाशी येऊन बसली. हा भाग अभ्यासगटाने तपासला नाही, कारण अभ्यासाचा विषय सुरुवात हा होता.

मालिकेच्या मुख्य लेखिका शर्मिलाताई यांचं भाषण आम्ही ठेवलं. त्यांना आणायला आणि सोडायला देवजीशेठची गाडी होती. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सुरुवात वाईट होती, कारण आम्हाला येत नव्हतं. लाज वाटायची हो. चॅनल बंदच करणार होतं. मग आम्ही खऱ्या सोसायट्यांत जाऊन बसलो. लोक कशाला हसतात ते बघितलं. जे पडलं ते फेकलं आणि परत लिहिलं. अजून तेच करतो, रोज.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतिवृत्तात दिनानाथरावांनी लिहिलं, ‘सुरुवात वाईट होती, असे पाहुण्यांनी मान्य केले.’ उरलेलं भाषण वैयक्तिक स्वरूपाचं असल्यामुळे घेतलं नाही.

पुढच्याच सभेत त्यांनी सिद्धान्त मांडला. मालिका आधी डळमळीत होती, मग मोठी झाली. बिल्डिंग आधी डळमळीत होते, मग मोठी होते. तेव्हा लेखकाने मोठं होण्याची खटपट करण्यात अर्थ नाही. त्याने डळमळीत व्हावं, मोठेपण नियमाप्रमाणे मिळेल. हे इतकं सरळ होतं की आजवर एकाही समीक्षकाला कसं सुचलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. मलाही वाटलं. मी अनुमोदन दिलं.

त्यासाठी तपासणी ठरली. हातोडी चाचणीत लेखकाने पहिलं पान मोठ्याने वाचायचं. कुणी हसलं, गहिवरलं किंवा ‘पुढे काय?’ असं विचारलं, तर पान मजबूत, म्हणजे नापास. त्यातून निसटलं तर गाभा चाचणी. मधलाच एक परिच्छेद काढून पाहायचा. त्यात सुरुवातीचीच माणसं आढळली तर संशयाला जागा. यातून जे लेखन ‘सी-वन’ ठरेल, त्याला अध्यक्षांच्या सहीशिक्क्याने ‘डळमळीत सुरुवातीचा दाखला’, आणि दाखला असेल त्यालाच मंडळाच्या दिवाळी अंकात जागा. शेवटचं कलम महत्त्वाचं होतं. पहिल्या लेखनाची तपासणी, दुरुस्ती आणि मंजुरी झाल्याशिवाय कुणीही दुसरं लिहायला घेऊ नये. घेतल्यास ते अनधिकृत बांधकाम समजण्यात येईल.

या योजनेचे परिणाम डोळे दिपवणारे आहेत. आज मंडळातल्या शंभर टक्के सदस्यांची सुरुवात डळमळीत आहे. (उरलेल्या शून्य टक्क्यांसाठी शिबिर घेण्याचा विचार आहे.) मंडळात जितके सदस्य, तितक्या कादंबऱ्या चालू आहेत, आणि सगळ्या कादंबऱ्यांची मिळून प्रकरणंही तितकीच आहेत. आमचे अभिराम बँकेत अधिकारी आहेत. त्यांची महाकादंबरी ‘पहाट झाली’ या वाक्याने सुरू होते. दुसरं वाक्य बरेच दिवस दुरुस्तीला आहे. पण बिल्डिंग पाडल्यावर नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत जसं भाडं मिळतं, तशी आमच्याकडे ‘लेखक’ ही पदवी आगाऊ मिळते. अभिरामनी ती लेटरहेडवर छापली आहे.

अशा निरोगी वातावरणात अस्मिता आली.

अस्मिता कोपरखैरण्याची. न्हावा शेव्याच्या बंदरावर एका कस्टम एजंटच्या ऑफिसात ती काम करते. दिवसभर कंटेनरचे कागद पुढे सरकवायचे आणि न सरकलेल्या कंटेनरबद्दल ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. आईवडील नांदेडकडचे. आई बायजाबाईंनी मुलीच्या लग्नाचा ध्यास घेतला होता, आणि दर रविवारी नवं स्थळ घरी येत होतं. रविवार हा अस्मिताचा लिहायचा एकुलता एक दिवस. पाहुण्यांना पोहे देऊन, वाकून, नाव-गाव-शिक्षण सांगून झालं की संध्याकाळ झालेली असे. शेवटी मायलेकींत करार झाला. बायजाबाई म्हणाल्या, “तुजं नाव छापून आलं तर एक वरीस मी तोंड उघडनार नाई. नाई आलं तर जे पोरगं समोर येईल त्याला हो म्हनायचं.”

म्हणजे आमच्या अंकातल्या पानावर पोरीचे वर्षाचे सगळे रविवार अवलंबून होते. हे तिने मला जिन्यात सांगितलं. मी तिला धीर दिला की आमच्याकडे शक्यतो कुणी नापास होत नाही.

तिने वाचायला सुरुवात केली. “आमच्या यार्डात बेवारस पडलेल्या कंटेनरला वर्षभरात जितके लोक बघायला आले, तितके मला लग्नासाठी बघायला आले नाहीत.”

हॉल हसला. मीही हसलो. दिनानाथराव हसले आणि मग आपण हसल्याची नोंद त्यांनी स्वतःच करून घेतली, इतके ते निःपक्षपाती आहेत. अस्मिता वाचत राहिली. कंटेनरमध्ये काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, प्रत्येक टेबलाला वाटतं की दुसऱ्या टेबलाने बघितलं असेल, आणि त्याची पत्रिका मात्र सगळीकडे फिरते आहे. ती पान उलटण्यापुरती थांबली, तर अभिरामच्या तोंडून निसटलं, “पुढे काय?” त्यांना लगेच ठसका लागला, पण उशीर झाला होता.

“अस्मिता, वाईट वाटून घेऊ नकोस,” दिनानाथराव म्हणाले. “पण यात पडायला आलेलं काहीच नाही.”

“म्हणजे, सर?”

“सुस्थितीत आहे.”

“सर, आधी ते एकदम भंगार होतं. शप्पथ. ऑफिसमध्ये वाचून दाखवलं ना, तर ट्रकवाले मोबाइल बघायला लागले. मग ते हसले नाहीत ते ते काढून टाकलं. कितीतरी वेळा लिहिलं.”

“तो पहिला मसुदा आहे का?” दिनानाथरावांनी आशेने विचारलं.

“फेकला ना, सर.”

हॉलमध्ये हळहळ पसरली. इतकी मौल्यवान सुरुवात पोरीने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली होती.

मंडळ निर्दय नाही. दिवाळी अंकाला अवकाश होता, तेव्हा तिला कथा पाडायची संधी देण्यात आली. मार्गदर्शनही दिलं: सुरुवातीला हवामान घालावं, पात्रांना पुस्तकी बोलायला लावावं, आणि निदान एक नातेवाईक विनाकारण नाहीसा करावा. मागून देवजीशेठ म्हणाले, “अवं साहेब, चांगला हाय त मोरता कशाला? मना त हासून हासून डोल्यान पानी आलं.” त्यांचं मत पाणीपुरवठ्याच्या सदरात नोंदवून घेतलं.

पुढच्या सभेला अस्मिता सुधारित, म्हणजे बिघडवलेली, कथा घेऊन आली. सांगितलेलं सगळं तिने मन लावून केलं होतं. हवामान होतं. क्रेनवाला ‘महोदय’ म्हणत होता. नायिकेला बघायला आलेल्या मुलाची आत्याही होती. ती यार्ड दाखवायला नेल्यावर ‘आले हं’ म्हणून कंटेनरमध्ये शिरली आणि कस्टमवाल्यांनी बाहेरून सील ठोकलं. सील तोडायला मालकाची परवानगी हवी, आणि मालक सापडत नाही. मुलाकडच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि घाईने सांगून टाकलं, ‘मुलगी पसंत आहे, आत्याचं काही नाही.’

देवजीशेठ खुर्चीवरून घसरले. त्यांच्या हातातला मोबाइलही घसरला. तो त्यांनी कथा संपेपर्यंत समोर का धरला होता, ते आम्हाला नंतर कळलं.

“तू बिघडवताना दुरुस्ती करतेस,” दिनानाथराव खिन्नपणे म्हणाले. “ही सवय मोडायला हवी.”

अंकाचा मजकूर छापायला द्यायच्या आधीच्या सभेत ती पुन्हा आली. डोळे सुजलेले होते. हातात नवे कागद होते.

“सर, खूप ट्राय केलं. नाही मोडता येत मला. बसले की काहीतरी वेगळंच सुचतं. म्हणून मग…” तिने कागद पुढे केले. “दुसरी लिहिली.”

मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. अभिराम दुसऱ्या वाक्यावर होते, आणि ही पोर दुसऱ्या कथेवर गेली होती, तीही पहिलीला मंजुरी नसताना. दिनानाथरावांनी अनधिकृत बांधकामाची नोटीस तिथल्या तिथे लिहिली. तिचं सदस्यत्व स्थगित झालं.

“मग आईला काय सांगू मी?” अस्मिताने विचारलं. तिने ते अध्यक्षांना विचारलं नाही, मला विचारलं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याचं इतिवृत्तात येत नाही, आणि मी नोटिशीवर साक्षीदार म्हणून सही केली.

अंक देखणा निघाला. त्यात एकूण एकतीस सुरुवाती आहेत. अभिरामची महाकादंबरी मुखपृष्ठावर संपूर्ण छापली आहे.

त्यानंतरच्या रविवारी पनवेलहून एक मुलगा अस्मिताला बघायला यायचा होता. करारानुसार तिला हो म्हणावं लागणार होतं. शनिवारी तिला शर्मिलाताईंचा फोन आला. देवजीशेठनी मोबाइलवर घेतलेलं अस्मिताचं वाचन त्यांना पाठवून दिलं होतं. गाडी पाठवली तेव्हापासून ताईंचा नंबर त्यांच्याकडे होताच. ताई म्हणाल्या, “ती कंटेनरमधली आत्या लिहिणारी तूच ना? तू मला हवी आहेस. आमची आत्या तीन वर्षं बाथरूममध्ये आहे. तिला बाहेर काढून दे.”

बायजाबाईंनी पनवेलकरांना नाव येईपर्यंत थांबायला सांगितलं. मालिकेत नाव येतं ते शेवटी, आणि पळत येतं. बायजाबाईंनी शेजारच्या पोराला सांगून ते पडद्यावर थांबवलं, चष्मा लावून अक्षर अन् अक्षर वाचलं आणि मोबाइलवर फोटो काढला. मग त्या म्हणाल्या, “म्या छापून म्हनले होते. पर पळतं नाव बी नावच हाय.” आणि पनवेलच्या मुलाला त्यांनी स्वतः फोन करून नको सांगितलं. वर्षाचे रविवार पोरीला मिळाले. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

तिने लिहिलेला पहिला भाग आम्ही सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसून पाहिला. आणि काय सांगू, भाग पडला! आत्या बाथरूममधून बाहेर येते तिथे कुणीसुद्धा हसलं नाही. देवजीशेठनीही ‘जरा लांबला’ म्हणून कबूल केलं. दिनानाथराव उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. “सी-वन,” ते म्हणाले, “निर्विवाद सी-वन.” नोटीस एकमताने मागे घेण्यात आली, दाखला तयार झाला, शिक्का बसला, आणि मी आनंदाची बातमी द्यायला अस्मिताला फोन लावला.

“हो सर, पडला, माहितीये,” ती म्हणाली. मला वाटलं होतं रडेल. “आत्या बाहेर येऊन बोलते ना, तिथे पडला. तिने काहीच बोलायला नको होतं, नुसतं नळ चालू आहे का बघायला पाहिजे होतं. सर, ठेवू का? पुढचा द्यायचाय.”

दाखला न्यायला ती आली नाही. शर्मिलाताईंनी म्हणे तो पडलेला भाग टीमसमोर पुन्हा लावला आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड केली. पुढच्या भागात आत्या एक शब्द बोलत नाही, आणि बोनकोड्यापासून सीवूड्सपर्यंत लोक पोट धरून हसले. तो दाखला आता हॉलमध्ये एसीखाली फ्रेम करून लावला आहे. खाली लिहिलं आहे: ‘सुप्रसिद्ध लेखिकेची डळमळीत सुरुवात याच मंडळात झाली.’ यात एक अक्षर खोटं नाही.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की मंडळाची नवीन सदस्य नोंदणी चालू आहे आणि तुमची पात्रता आम्हाला पुरेपूर पटलेली आहे. तुमच्याकडे एक पहिलं पान आहे. (इकडे तिकडे बघू नका, तुम्हालाच म्हणतो आहे.) फोनमध्ये असेल, कपाटात असेल, नाहीतर अजून डोक्यातच असेल, आणि ते जरा नीट झालं की पुढचं लिहायचं असं तुम्ही ठरवून ठेवलं आहे. आमच्यावर इथपर्यंत मनसोक्त हसलात, त्याबद्दल राग नाही. तेवढ्या वेळात अस्मिताचा अर्धा प्रसंग लिहून झाला असता, पण तुमची-तिची बरोबरी कशाला? तुम्ही आमचे आहात. अर्जासोबत काही जोडायचं नाही. दुसरं पान आम्ही कुणाकडे मागत नाही.

फक्त आजच या. लांबणीवर टाकलंत तर एखाद्या रविवारी घरी कुणी नसताना चुकून लिहायला बसाल.